स्टेजकडे पाठ

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण उजवं मनगट सुजलं होतं. घाबरू नकोस. पुलाखालच्या टोळीचा म्होरक्या, ज्याला सगळे कातऱ्या म्हणतात, तो पिऊन आमच्या हॉलवर आला आणि तिकीट खिडकीशी एका मुलीचे केस धरून ओढायला लागला. मी कॉलर धरून त्याला पायऱ्यांपर्यंत नेला. तिथे त्याने पातं काढलं, मग मीही हात मोकळा सोडला. त्याचे दोन दात आमच्या पायरीवर राहिले, सकाळी झाडूवालीने केरात भरले. पुढच्या वेळी तुला चिरतो, असं तो रस्त्यावरून ओरडत गेला. अशी माणसं ओरडतातच.

आता खरी बातमी. खाली बसून वाच. ‘तोम बोत’ येताहेत! नॉर्वेचे चौघे, आमच्या हॉलमध्ये, या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. नावाचा अर्थ रिकामी होडी. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता, मासळीच्या गोदामावरच्या एका खोलीत स्वतःच रेकॉर्ड करतात आणि स्वतःच पाकिटं चिकटवतात. इंडी म्हणतात ते हेच. तुला सगळे बर्फवाले सारखेच वाटतात हे मला ठाऊक आहे. पण स्वीडनवाले दुःखसुद्धा इस्त्री करून घालतात, डेन्मार्कवाले त्याची टिंगल करतात, आणि हे नॉर्वेचे चौघे ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर नुसतं ठेवून देतात. गाणारी बाई तर अशी गाते, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय.

दुःख एकच. इतकी वर्षं हॉलवर आहे, पण एकही कार्यक्रम मी पाहिलेला नाही. बाउन्सरने स्टेजकडे पाठ करून उभं राहायचं आणि लोकांचे चेहरे पाहायचे. या शनिवारी मला तिकीट काढून आत बसू द्या, म्हणून मालकाच्या पाया पडायचा बाकी राहिलो. तो म्हणाला, कातऱ्याचे दात तू पाडलेस, आता त्या रात्री गाणं तू ऐकायचंस आणि मार मी खायचा का?

आणखी एक पाहुणा येणार आहे. या बर्फाळ गाण्यांवर मी काढतो ते ‘उत्तरवारा’ पत्रक टपालाने घेणारे घड्याळजी. सहा वर्षं पत्रांतून भांडतोय आम्ही, पण तोंड पाहिलेलं नाही. बसने येणार आहेत. चौघांची पहिली रेकॉर्ड त्यांच्याकडे आहे, तिच्यावर सह्या घ्यायच्या आहेत. ती रेकॉर्ड आपल्या बाजूला दोघांकडेच, दुसरी माझ्या खाटेखाली.

शिव्या दे, पण लांबलचक दे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ठोंब्या


११ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक आशीर्वाद.

‘तोम बोत’ वाचून मी खरोखरच तोंडात बोट घातलं. रिकाम्या होडीसाठी माणूस इतका भरून येतो हे तुझ्यातच पाहिलं. जा, ऐक. पाठ करून का होईना, कान तर मागेही ऐकतात.

इकडे दुकान ठीक. काल एका गिऱ्हाइकाने माझ्या पोऱ्यावर हात उगारला. मी सुरा खाली ठेवला नाही, एवढंच केलं. तो मुकाट्याने मटण घेऊन गेला. बायकांनी मटण विकू नये म्हणणारे माझ्या ठोकळ्यासमोर आले की फार गोड बोलतात.

तुझ्या दातांच्या गोष्टीला मात्र मी हसले नाही. तुझे हात बाबांचे आहेत. ते असे मोकळे सुटायचे तेव्हा तू खाटेखाली रेडिओ पोटाशी धरून पडायचास, आणि त्यातून ती परक्या भाषेतली थंड गाणी यायची. तुला तो नाद तिथेच लागला. आवाज एवढा लहान ठेवायचास, की मला वाटायचं, खाटेखाली एखादं मांजर गुरगुरतंय. एकदा मी कोयता घेऊन मध्ये उभी राहिले, आठवतं? बाबा हसत होते.

कातऱ्या येईल. अशी माणसं ओरडतात हे खरं, पण दात गेलेला माणूस विसरत नाही. जोडीला आणखी दोघं घे. आणि घड्याळजींना माझा नमस्कार सांग. सहा वर्षं तुझ्याशी भांडून टिकला, तो माणूस दमाचा असणार.

जेवत जा. माया आहे म्हणून रागावते.

तुझी,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे. डावा हात प्लास्टरमध्ये आहे आणि कपाळाला टाके आहेत. हे सगळं तुलाच लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

घड्याळजींची मी दारात वाट पाहिली, पण बस उशिरा आली असावी. गर्दी आत घेऊन दार लावलं. दोन गाणी झाली. तिसऱ्याला ढोलवाल्याने ढोलांवर फडकं टाकलं आणि हॉल असा शांत झाला, की मला मागे वळावंसं वाटलं. वळलो नाही. तेवढ्यात मागचं दार पहारीने उचकटल्याचा आवाज आला.

सातआठ जण होते. साखळ्या, बाटल्या, एकाकडे सळई. माझ्या जोडीचा पहिल्याच तडाख्याला आडवा झाला. साखळी मी डाव्या हातावर घेतली, हाड मोडल्याचं ऐकू आलं, दुखलं मागाहून. साखळीवाल्याला ओढून जवळ घेतला आणि कपाळाने त्याचं नाक फोडलं. दुसऱ्याला खुर्च्यांवर फेकला. कातऱ्याने बाटली फोडून माझं कपाळ उघडलं. त्याचा गळा धरून भिंतीवर आपटत राहिलो, तो बसला तेव्हाच सोडला. लोक एकमेकांना तुडवत दाराकडे पळत होते. दिवे फुटले होते, स्टेजवरचा एकच उरला होता.

त्या उजेडात एक माणूस गुडघा टेकून स्टेजवर चढताना दिसला. त्याच्या उंचावलेल्या हातात काहीतरी चमकत होतं आणि गाणारी बाई त्याच्यापासून दोन हातांवर होती. डोळ्यांत रक्त उतरलं होतं माझ्या, खरंखुरं, कपाळाचं. मी घोटा धरून त्याला खाली ओढला. तो पालथा पडला. हातातली वस्तू तरी सोडेना. मी त्या हातावर बूट मारला.

ताई, एकदा पुरे होतं. वस्तू सुटली होती. तरी मी पुन्हा मारला, अंगाचा सगळा भार टाकून. आणि तेव्हा मला बरं वाटलं. हे लिहायला मला चार दिवस लागले.

मग बुटाखाली काय फुटलं ते पाहिलं. रेकॉर्ड होती, नव्या प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी चमकत होती. रेकॉर्ड कुठली ते तुला सांगायला नको.

मीच घड्याळजींना एका हाताने खांद्यावर टाकून इस्पितळात नेलं. वाटेत ते शुद्धीत नव्हते. पोलिसांनी तो हातही कातऱ्याच्या खात्यावर मांडला. मालक म्हणाला, देवच पावला, तू गप्प राहा. मी गप्प आहे.

माझ्याबद्दल जे काही वाटत असेल त्यात लोभ थोडा ठेव.

ठोंब्या


१९ मार्च

संपादक महाशयांस,
स. न. वि. वि.

हे अक्षर डाव्या हाताचं आहे, कोंबडीचे पाय समजून वाचावं. उजव्या हातावर दोनदा शस्त्रक्रिया झाली. अंगठ्याचा डॉक्टर भरवसा देत नाहीत. चिमट्यात केसाएवढा स्क्रू धरणारा अंगठा आता चमचा धरत नाही, म्हणून बायको भरवते आणि लहान मुलासारखं तोंड पुसते. मी चिडतो, ती अजून जोरात पुसते.

पण तक्रार करायला लिहिलेलं नाही. परिचारिकेने सांगितलं, की तुम्ही मोडक्या हाताने मला खांद्यावर घालून आणलंत. बस उशिरा आली, उघड्या दारातून आत शिरलो आणि चेंगराचेंगरीत रेकॉर्ड वर धरून स्टेजवर चढत होतो; पुढचा मला फक्त एक बूट आठवतो. तुम्ही नसतात तर त्या नराधमाने माझं डोकंही तसंच चिरडलं असतं. सहा वर्षांत मी तुम्हाला आडमुठे, बहिरे आणि गायनशत्रू म्हटलं, त्यातलं निदान पहिलं मागे घेतो.

घरी या. बायकोला तुम्हाला पाहायचंय. तिने तुमच्या नावाने आशीर्वाद दिल्याशिवाय एक दिवसही चूल पेटवलेली नाही. या हाताच्या मोबदल्यात आपला स्नेह जोडला गेला, असं समजतो, आणि तो वाढावा ही इच्छा करतो.

आपला,
घड्याळजी


२७ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

घड्याळजींचं पत्र तू मला वाचायला पाठवलंस आणि सोबत एक ओळही लिहिली नाहीस. म्हणजे तुला काय हवं ते मला कळलं. मी म्हणावं, जाऊ दे, चुकून झालं, तू तरी काय करणार. पहिल्या बुटाचं तेवढं मी म्हणते. अंधार, रक्त, पातं वाटलं, कुणीही मारला असता.

दुसऱ्याचं म्हणत नाही.

माझा डावा कान तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा काय म्हणाले होते? पडली असेल. तुझ्या बरगडीला काय म्हणाले? पडला असेल, पोरं धडपडतातच. मारल्याचा मला इतका राग नाही, ठोंब्या. त्यांना मारावंसं वाटायचं, त्यांनी मारलं. पण मरेपर्यंत एकदाही म्हणाले नाहीत, की हो, मी मारलं. त्या ‘पडली असेल’चा ठणका कानापेक्षा जास्त आहे, अजून आहे.

आता ती बाई तुझ्या नावाने आशीर्वाद देते आणि तू ते घेतोस. कातऱ्या हरामखोर आहे, पण हे त्याचं नाही. बसमध्ये बस, जा आणि सांग. पुढे ते काय करतील ते त्यांचं. हात वर करू नकोस, वाचवायलासुद्धा नाही. आणि मग पोलिसांत जा.

गेला नाहीस तरी मी तुझी बहीणच राहीन, पण पत्र घालू नकोस.

ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो.

दुकानाच्या मागेच घर आहे. भिंतभर घड्याळं, सगळी बंद, कारण किल्ली द्यायला हात नाही. घड्याळजी लहानखुरे आहेत, माझ्या छातीला लागतील एवढे. मला पाहून उठायला गेले. वहिनींनी खुर्ची दिली आणि चहाचं आधण ठेवलं. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, की तो बूट माझा होता. दोन वेळा मारला आणि दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती.

 घड्याळजींनी माझ्या बुटांकडे पाहिलं. तेच बूट होते, ताई. दुसरे नाहीत माझ्याकडे.

किटली कधी उचलली गेली ते मला दिसलं नाही. आधण मानेवर आणि कानावर आलं, मग किटली कपाळावर, टाक्यांच्याच जागी. वहिनी ओरडत नव्हत्या. किटली पडली तेव्हा त्यांनी पाट घेतला. तू सांगितलं होतंस म्हणून हात खालीच ठेवले. पाठीत किती बसले ते माहीत नाही. थकून त्या जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, की रोज तुझं नाव घेतलं रे मी, रोज घेतलं. त्यापुढे किटली काहीच नव्हती. घड्याळजींनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मी निघालो तरी फिरवलं नाही.

तिथून थेट पोलिसांत गेलो. अंमलदार वैतागला. बंद झालेलं प्रकरण उघडायला आलेला मी पहिलाच, म्हणे. जबाब घेतला, खटला होईल. मालकाने त्याच संध्याकाळी काढून टाकलं. प्लास्टर निघालंय, आता बाजारात पोती उचलतो. मान पाठीकडे वळत नाही, कातडी ओढते.

रेकॉर्ड लावलेली नाही तेव्हापासून. लावावीशी वाटते आणि मग तो आवाज आठवतो, बुटाखालचा.

तुझं पत्र यावं एवढा तरी लोभ मिळवला असेन, तर लिही.

ठोंब्या


३० जून

संपादक महाशयांस,
नमस्कार.

सप्रेम लिहिलेलं नाही, ते आपण पाहिलंच असेल.

तीन बोटं मिटतात. अंगठा मिटत नाही, मिटणारही नाही. मनगटी घड्याळं संपली. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांची चाकं डाव्या हाताला झेपतात, तेवढी घेतो. बायको तुम्हाला पत्र लिहू नका म्हणते. तिने किटली मारली तेव्हा मी तिला अडवलं नाही. हाताशी आणखी काही असतं, तर मीच तिच्या पुढे सरकवलं असतं. आज मागे वळून पाहतो तर मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की तुम्हाला मार बसताना ऐकूनही बरं वाटलं नाही.

खटल्यात मला बोलावतील. तेव्हा तुम्ही दोनदा मारलंत हे मी सांगणार. तुम्ही स्वतः येऊन सांगितलंत, हेही सांगणार. दोन्ही खरं आहे आणि एकाने दुसरं पुसलं जात नाही. न्यायाधीशांनी त्याचं काय करायचं ते करावं.

मार्चनंतर ‘उत्तरवारा’ आलेला नाही. बर्गेनमध्ये दोन नव्या पोरींनी बॅण्ड काढलाय, बोटीच्या शेडमध्ये रेकॉर्ड केलंय, असं कानावर आलं. इथे विचारायला दुसरं कुणी नाही. तुम्ही पोती उचलता असं कळलं, पण पोती उचलणाऱ्यालाही संध्याकाळी कान असतात. मी तुम्हाला क्षमा केली असं कुठेही छापू नका. तुम्ही घरी येऊ नका. त्या पोरी कशा गातात ते नीट ऐका आणि सविस्तर लिहून पाठवा.

शेवटी लोभाचं काहीतरी लिहायची रीत आहे. या खेपेला ते माझ्या हातून होत नाही. अंक पाठवा.

घड्याळजी