माथ्यावरचा थांबा

मंगळवार, १२

मंत्री येऊन गेले. हॉस्पिटलात सकाळपासून फरशी पुसणं चाललं होतं. ठमीची चादरसुद्धा बदलली — एरवी मागून मागून माझ्या तोंडाला फेस आला होता! मंत्री खाटेशी वाकले आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "दोषींची गय केली जाणार नाही." माझी पोर मास्कमध्ये घरघरत होती. मी म्हटलं, साहेब, ती गॅसची मालगाडी हिचे बाबाच चालवत होते. ते गेले. मंत्र्यांचा चेहरा झरकन उतरला. कुणीतरी कॅमेरा शेजारच्या खाटेकडे वळवला.

बुधवार, १३

आज विरोधी पक्षवाले आले. तेच वाकणं, तीच गय.

गुरुवार, १४

कंपनीने टीव्हीवर सांगितलं — ड्रायव्हर प्यायलेला असावा, घाटाच्या माथ्यावर थांबायला विसरला, म्हणून क्लोरीनचे टँकर उतारावर आवरले नाहीत आणि खाली आमच्या वस्तीत कलंडले.

विसरला! दर फेरीला माथ्यावर गाडी उभी करून हे टॉर्च घेऊन उतरायचे. एकेका चाकाला हात लावून बघायचे. ब्रेक लावला की चाक तापायला हवं, थंड राहिलं तर ब्रेक मेलेला. सगळे ड्रायव्हर त्याला गाडीची नाडी बघणं म्हणायचे. काळे हात घेऊन घरी आले की मी ओरडायचे, आधी हात धुवा, डॉक्टर! आणि दारू? ह्यांना खोकल्याच्या औषधानेही गरगरायचं.

तो थांबा कंपनीनेच बंद केला. अपघाताच्या आदल्या दिवशी जेवताना सुपरवायझरचा फोन आला. हात खरकटे, म्हणून ह्यांनी स्पीकर लावला. "माथ्यावर वेळ काढलास तर उद्यापासून घरी बस." हे म्हणाले, साहेब, एक दिवस अंगाशी येईल. तिकडे कुणीतरी हसलं. मी ऐकलंय! दुसरं कुणी ऐकलेलं नाही. फोन ह्यांच्याबरोबरच गेला.

शनिवार, १६

कंपनीच्या एक बाई आल्या. आवाज लोण्यासारखा. त्यांच्या हॉस्पिटलात फुप्फुसांचं मोठं मशीन आहे म्हणे, ठमीसाठी जागा करता येईल. "तुम्ही फक्त चौकशी समितीपुढे सांभाळून घ्या. गेलेल्या माणसाचं आता काय बिघडणार आहे?" तशीच जिन्यापर्यंत हाकलली तिला. नणंद टाळ्याच वाजवायची बाकी होती. म्हणाली, "वहिनी, शाब्बास! दादाच्या नावाला बट्टा लागू द्यायचा नाही." भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच ती नीट जेवली.

सोमवार, १८

ठमीचे ओठ निळे पडतात. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे होतं तेवढं करून झालं, मशीनवर न्या. सरकारी ओळखीने काही जमेल म्हणून मंत्र्यांच्या कचेरीत गेले. शिपाई म्हणाला, "साहेब कंपनीच्या शोकसभेला गेलेत." हसू का रडू! समितीचे अध्यक्षही कंपनीचेच जुने साहेब निघाले. दाद मागायची तरी कुणाकडे?

मंगळवार, १९

ठमीने खुणेने विचारलं, बाबा कुठेत? मी म्हटलं, ड्युटीवर. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मला काहीच सुचत नाहीये. ह्यांना विचारायची सवय होती.

बुधवार, २०

रात्रभर तिचा श्वास ऐकत बसले. उद्या समितीपुढे माझी साक्ष, नणंद माझ्याबरोबर येणार आहे. तिने माझी साडीसुद्धा इस्त्री करून आणलीय — "ताठ मानेने बोल, वहिनी."

गुरुवार, २१

समितीने विचारलं, थांबू नका असा काही फोन आला होता का? मी म्हणाले, नाही.

ते पीत होते का?

हो. रोज.

मागे नणंदेची खुर्ची सरकली. मी वळून बघितलं नाही.

ठमीला संध्याकाळी हलवलं. ओठांना रंग आलाय.