चुन्याचे बाण

३ नोव्हें. १९३३, शुक्र.
पायांचे तुकडे पडलेत, तरी मजेत आहे. आज धोंडूआबाबरोबर वरच्या वाडीहून नाळेच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. आपल्याकडे मध विकायला येणारा हा म्हातारा, सत्तरीचा, अनवाणी. मी बूट घालून त्याच्या मागे धापा टाकत.

तीन धोंड्यांपाशी वाट फुटते. डावी नाळेत, म्हणजे डोंगरातल्या घळीत, उतरते ती थेट कोकणात. उजवीवर जांभळाची एक हिरवी डहाळी आडवी ठेवलेली. मी ओलांडायला गेलो तर आबाने दंड धरला. "मास्तर, आडवी डहाळी दिसली की म्होरं पाय टाकायचा न्हाई. वाट संपती तितं. गुरामागची मानसं ठेवत्यात. वाळली की नवी ठेवत्यात."

मग हात धरून नेलं दाखवायला. गवताची घसरडी दांडी, पन्नास पावलं, आणि एकदम काही नाही. कडा. एके काळी तापून वाहिलेला हा सगळा काळा खडक, थर न् थर थिजलेला. आणि पार पश्चिमेला एक चमकती रेघ. समुद्र! फळ्यावर मुलांना पन्नासदा काढून दाखवला असेल. असा एकदाही जमलेला नाही.

१२ नोव्हें., रवि.
पुस्तिकेचं नाव ठरलं: 'लोणावळे ते समुद्र, पायी.' नकाशा माझाच. ड्रॉइंग मास्तर घरचा असताना दुसऱ्याच्या दारात कशाला जा? आज पांथस्थांसाठी नियम लिहिले, सहा. पाणी उकळून पिणे, गवताजवळ विडी न ओढणे, अंधारात न चालणे, वाटेतल्या आडव्या फांद्या उचलून बाजूस ठेवणे वगैरे. सौ.ला वाचून दाखवले. म्हणाली, "घरातला पसारा कोणी उचलायचा, त्याचाही एक घाला."

धाकट्या भावाचं, वसंताचं, पुण्याहून पत्र. कचेरीत खर्डेघाशी करून जीव विटलाय म्हणतो. "दादा, नाताळात तुझ्या वाटेनं समुद्रापर्यंत जाऊच. पहिले पांथस्थ आपण दोघे." चिरंजीव एकोणतीस वर्षांचे झाले तरी पत्राच्या कडेला अजून बोटी काढतात.

१९ नोव्हें.
आबा खाली कोकणात लेकीकडे गेला. महिनाभर येणार नाही. त्याची डहाळीची खूण पुस्तिकेत घालावी का, यावर बराच विचार केला. नको. पुणेकर हसतील. शिवाय वाळली, वाऱ्याने उडाली की संपलं. त्यापेक्षा वाटेवर ठिकठिकाणी दगडांवर चुन्याचे बाण काढायचे. दुरून दिसतात. शास्त्रीय.

२६ नोव्हें., रवि.
बाण काढले! शाळेचा शिपाई रामा चुन्याची बादली घेऊन, मी कुंचला, वही आणि मोजायची फीत घेऊन. डोक्यावर सोला हॅट, उन्हासाठी. एकूण चाळीसेक बाण. तीन धोंड्यांपाशी तर हातभर लांबीचा, डावीकडे.

वरच्या वाडीत मान फार मिळाला. खाट टाकली, ताक दिलं. "साह्यब, बसा." एका बाईने विचारलं, "कुटनं आलं साह्यब? ह्ये पांढरं कशापायी?" मी हसलो नि हातानेच 'कळेल, कळेल' असं केलं. साहेब म्हणवून घ्यायला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू? उरलेला चुना वाडीतच ठेवला, पुन्हा लागेल म्हणून. कोणी जास्त बोललं नाही. लाजरी माणसं.

उतरताना पाय मुरगळला. गुडघ्यात काहीतरी कट्कन वाजलं.

८ डिसें.
गुडघा भोपळ्याएवढा. हाडवैद्याने लेप लावून पट्ट्या बांधल्यात. दीड महिना हलायचं नाही म्हणे. दीड महिना! मी त्याला म्हणालो, नाताळात समुद्रापर्यंत जायचंय. तो म्हणाला, "मग पाय हितं ठिवून जा."

२३ डिसें., शनि.
वसंता आणि त्याची बायको कमल आले. वसंताने नवा कॅनव्हासचा झोळा आणलाय, नवी काठी आणलीय, दाखवून दाखवून पिडलं. मी म्हणालो, पुढच्या वर्षी जाऊ रे दोघे मिळून. कमलचंही तेच मत. ऐकतो कुठला? "बाण आहेत ना तुझे? मग आंधळाही जाईल." आणि मला काय झालं कोण जाणे, मान डोलावली. इतके कष्ट केले, निदान कोणीतरी चालून बघावं, हे मनात होतंच. होतंच.

नकाशा नि नियमांची हातप्रत त्याला दिली. रात्री कमल झोपल्यावर मला पाठ म्हणून दाखवत होता शाळकरी पोरासारखा.

२४ डिसें.
उजाडता उजाडता गेला. चष्मा पुसला, पाया पडला, फाटकापाशी वळून काठी उंच केली. बुधवारी किंवा गुरुवारी समुद्राकाठच्या टपालातून तार करणार. एकच शब्द: पोचलो.

२८ डिसें., गुरु.
तार नाही.

२९ डिसें.
तार नाही. कमल दर तासाला फाटकापाशी. मी सांगतो, खेड्यातलं टपाल, वेळ लागतो. रामाला पहाटेच वरच्या वाडीकडे पाठवलंय. मी खुर्चीत, पाय स्टुलावर. कुत्रंसुद्धा उठून फाटकापर्यंत जाऊन येतं.

३० डिसें., शनि.
रामा आला. घाम पुसून उभाच राहिला. "मास्तर, बान फिरल्यात."

म्हणजे काय रे?

"आपलं पुसल्यात. मातीनं घासून. आन नवं काढल्यात, उजवीकडं. तीन धोंड्यांपासनं पार कड्याकडं." वाडीत विचारलं तर कोणी बोलेना. वसंता वाडीत थांबून पाणी पिऊन गेला होता एवढं मात्र एका बाईने सांगितलं. रविवारी, दुपारच्या आत.

मी उठायला गेलो नि खाली पडलो. सौ.ने आणि रामाने उचललं. कमलला सांगावं की नाही हे ठरायच्या आत तिने दारातून सगळं ऐकलंच होतं.

२ जाने. १९३४, मंगळ.
धोंडूआबा कालच कोकणातून परत वाडीत आलेला. सगळं ऐकून आज इथे आला. ओसरीवर बसला, पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"आमीच केलं मास्तर. म्हंजे आमच्या वाडीनं. मी असतो तर झालं नसतं, पन मी नव्हतो." खालच्या खोऱ्यात धरण झालं तेव्हा असाच टोपीवाला आला होता, असाच वही-फीत घेऊन, आणि दगडांवर असाच चुना लावून गेला. दोन पावसाळ्यांत गाव पाण्याखाली. "माझ्या भनीचं घर तितं हुतं. चुना लागला की गाव जातं, येवढं लेकरालाबी ठावं हाय हितं. मंग समद्यांनी इचार केला, मोजनीवाल्याला नाळंची वाटच सापडू द्याची न्हाई. तुमचाच उरल्याला चुना घेतला."

मी ओरडलो. अरे, पण कड्याकडे? माणूस मरेल हा विचार नाही आला कोणाच्या मनात?

"आला की! म्हनून तर आडवी डहाळी ठेवली. चांगली मोठी, जांभळाची. आपल्या मानसाला डहाळी, साह्यबाला बान. साह्यबबी डहाळी बघून थांबल, हितनं वाट न्हाई म्हनून माघारी जाईल, आसं वाटलं आमाला. वाटंत आडवी डहाळी आन मानूस म्होरं जातो? आमी आसं कदी बघितलं न्हाई."

सौ. म्हणाली, "अहो, एकदा सांगितलं असतंत त्यांना तुम्ही कोण ते." एवढंच. तिचं चुकलं नाही काही. एक वाक्य सांगायचं होतं. मी ड्रॉइंग मास्तर आहे, बाई. बस्. तेवढं तोंडातून निघालं नाही, कारण खाट टाकली होती आणि साहेब म्हणत होते.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

३ जाने.
वाडीतली सगळी माणसं कड्याखाली शोधताहेत. मध काढणारे दोघे दोर लावून उतरलेत. पोलीसपाटलालाही कळवलंय. बाण कोणी फिरवले हे मात्र मी सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? पहिले काढले कोणी, हे विचारतील.

मी काय करतो? नकाशा काढतो. कमल म्हणते, भाऊजी, काढा ना पुन्हा, कुठून कुठे गेले असतील ते दाखवा. काढतो. मग म्हणते, आणि इथून? मग तेही काढतो.

५ जाने., शुक्र.
आबा आला. कड्याखाली काही सापडलं नाही. झोळा नाही, काठी नाही, काही नाही. खाली कारवीचं रान दाट आहे, आणखी चार दिवस बघू म्हणाला.

पण एक गोष्ट सांगितली. सगळ्यांसमोर. कमलही होती.

"डहाळी जाग्यावर न्हाई. बाजूला ठेवल्याली हाय. वाऱ्यानं उडाली म्हनावं तर वर दगूड ठेवलाय, पुन्हा वाटंवर येऊ नये म्हनून. लय नीट ठेवलीय वो. आमच्यातलं कोन आसं करनार न्हाई. कुनी ठेवली आसंल?"

कमल म्हणाली, "हे कशाला उगाच उचलतील? वाटेतल्या फांदीशी ह्यांना काय करायचंय?"

आबा माझ्याकडे बघत होता. सौ. चुलीकडे गेली होती. मी गुडघ्याची पट्टी सोडली आणि पुन्हा बांधली. वसंता, अरे गाढवा, इतकं कशाला ऐकायचं माझं!

७ जाने.
झोप नाही. डोळे मिटले की तो वाकून डहाळी उचलताना दिसतो. वर दगड शोधतो. मनात म्हणत असणार, दादाला सांगू, तुझा नियम पाळला हो.

सौ.ला आज सांगितलं. ती म्हणाली, "कमलला सांगायला हवं." मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "कधी?" तिला वाटलं मी आत्ताच उठून जाईन.

१० जाने.
कोकणातून आबाच्या जावयाचा निरोप. नाताळच्या सुमारास चष्मेवाला, खांद्याला पिशवी लावलेला कोणी एक मिठागराच्या वाटेने समुद्राकडे जाताना तिथल्या एका माणसाने पाहिला. काठी होती का? माहीत नाही. कोणता वार? माहीत नाही. पाहणारा माणूस कोण? तोही आता मुंबईला गेलाय.

कमल दोन घास जास्त जेवली. म्हणते, कड्यावरून माघारी वळले असतील, दुसऱ्या वाटेने उतरले असतील, पडून ताप आला असेल कुठेतरी, कोणाच्या तरी घरी असतील. मग तार का नाही, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. बुडत्याला काडीचा आधार. काडी मोडणारा मी कोण? आणि खरं सांगायचं तर मलाही ती काडी हवीच आहे.

१४ जाने., रवि.
संक्रांत. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला आल्या, दारात घुटमळल्या, कमलला लावावं की न लावावं. तिने स्वतःच कपाळ पुढे केलं. वाण घेतलं, ओटीत टाकलं. सौ. आत जाऊन रडली.

परवा कमल नाळेने खाली कोकणात जाणार आहे चौकशीला. आबा आणि त्याची सून बरोबर आहेत. तिला थांबवता येईना. मला उंबरा ओलांडवत नाही, काय तोंडाने थांबवू? आबा म्हणाला, "मास्तर, मी म्होरं चालतो. डहाळी कुटं हाय न्हाई ती मी बघतो. तुमी घोर करू नगा."

काल पुण्याहून छापखान्याने पुस्तिकेची प्रुफं पाठवली. मी पेटीखाली सारली होती. कमलने शोधून काढली. "मीच तपासते भाऊजी. वाटेची माहिती तरी होईल. आणि हे आले की त्यांना छापील दाखवू."

सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा टाक घेतला होता हातात, चौथा नियम, फांद्यांचा, खोडायला. खोडला तर विचारणार, का खोडला? नाही खोडला तर वाचणार. आज सांगू, उद्या सांगू, करत करत सात दिवस झाले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. टाक तसाच ठेवून दिला.

आता ती माजघरात बसून मोठ्याने वाचतेय, एकेक अक्षर, बोट ठेवून. नकाशाचं पान झालं. नियम सुरू झालेत. पहिला झाला. दुसरा झाला. तिसऱ्यात एक काना राहिलाय म्हणून तिने आतून ओरडून सांगितलं.

बघतो, म्हणालो.