सॉरीला आणखी काय म्हणतात

३ फेब्रुवारी

चि. मास्तर यास दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर द्यायला दोन महिने लावले, रागावू नकोस. रोज पेनाचं टोपण काढतो आणि पुन्हा लावतो. तुझी वहिनी गेल्यापासून चहाला एक कप काढावा की दोन, इथपासूनच माझा गोंधळ सुरू होतो. गॅस बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून तीनदा वर जातो. खाली बाइंडिंगचं दुकान बंदच आहे. खळीच्या डब्याला बुरशी आली होती, काल धुतला. तुझी नवी कवळी बसली का? शाळेच्या लायब्ररीत पोरांना पुस्तक देताना सांभाळ, नाहीतर तीही त्यांच्या हातात जाईल.

एक काम आहे. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस. मी चौथी पास, हजारो पुस्तकं शिवली पण वाचली ती त्यांची पाठ. सॉरी या शब्दाचे सगळे अर्थ मला लिहून पाठव. माफ करा, एवढ्यावर मला कटवू नकोस. वहिनीच्या खोलीतून बाहेर येऊन डॉक्टर सॉरी म्हणाले. त्यांचा काय गुन्हा होता? गोळ्या संपल्या की औषधवाला सॉरी म्हणतो. बसमध्ये माझ्या पायावर पाय देणारा सॉरी म्हणून पुढे सरकतो. एकच शब्द इतक्या ठिकाणी पुरतो कसा? त्याच्या आसपासचे शब्दही लिही, हलके-भारी सगळे.

मला ठकूला पत्र लिहायचं आहे. आई गेल्याचं पोरीला अजून ठाऊक नाही. नऊ वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस, असं मीच म्हणालो होतो. आता सुरुवात कुठल्या शब्दाने करू, ते सुचत नाही.

तब्येतीला जप. लोभ आहे तो राहू दे.
तुझा दादा


१४ फेब्रुवारी

ती. दादांना मास्तरचा सा. न.

पत्र मिळालं. कवळी बसली, पण स आणि श मध्ये शिट्टी वाजते. पोरं मुद्दाम मला स-शची पुस्तकं मागतात.

शाळेतला सगळ्यात जाडा शब्दकोश काढून बसलो. लिहून घ्या. दिलगीर. खेद वाटणारा. पस्तावलेला. दुसऱ्याच्या दुःखाने हळहळणारा. मग केविलवाणा, दीनवाणा, कीव यावी अशी अवस्था झालेला. जवळचे शब्द म्हणजे खंत, हळहळ, पश्चात्ताप, अपराधीपणा, क्षमायाचना. शेवटी बारीक टाइपात लिहिलं आहे की मूळ शब्द दुखऱ्या जागेच्या जुन्या शब्दावरून आला. डॉक्टरांना तुमच्यासाठी हळहळ वाटली, औषधवाल्याला खेद, आणि बसमधल्या माणसाला काहीच वाटलं नाही. असा तो पुरतो.

पण दादा, शब्दांची यादी मागणारा माणूस पत्ता का मागत नाही, हे मला कळलं नाही. ठकूची पत्रं येत असणार, ती न लिहिणारी पोर नव्हे. वहिनी मला एकदा म्हणाल्या होत्या की पोरीने तोंडच फिरवलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. तुमच्या धाकाने मी गप्प बसलो, माझाही त्यात वाटा आहे. पत्रं आली होती का? असतील तर कुठे आहेत?

जेवण टाळू नका. कृपा असू द्यावी.
आपला मास्तर


२० फेब्रुवारी

चि. मास्तर यास आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून सांगतो.

पत्रं आली होती. चार आली, तीन वर्षांत. पोस्टमन टपाल खाली दुकानातच देत असे. पहिलं आलं तेव्हा तुझ्या शाळेचं एक जाडं पुस्तक माझ्या हातात होतं. पाठीला खळ लावून झाली होती, कापड चढवण्याआधी आत जाड कागदाचं अस्तर चिकटवायचं होतं. रद्दीतला कागद घेतो आम्ही त्याला. मी तिचं पाकीट न उघडता उभं दुमडलं आणि त्या पाठीवर चिकटवून वरून कापड ओढलं. राग होता, दुसरं काय? पुढचं आलं तेव्हा वाटलं, पहिलं न वाचता दुसरं कसं वाचू? मग तिसरं. तीही तुझ्याच शाळेच्या पुस्तकांत चिकटवली. चौथं त्या जाड्या शब्दकोशात गेलं, हे पक्कं आठवतं, कारण त्यानंतर पाचवं आलंच नाही. रोज दुपारी वहिनी जिन्यावरून विचारायची की टपाल आहे का. मी मान न उचलता नाही म्हणायचो.

शेवटच्या आठवड्यात तिने ठकूला बोलवा असा हट्ट धरला. माझ्याजवळ पत्ता कुठला? तेव्हा तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देईल. तिने एवढंच विचारलं की फाडली नाहीत ना? मी म्हणालो, नाही, चिकटवली. मग आहेत, असं म्हणून तिने डोळे मिटले. नंतर माझ्याशी ती बोलली नाही. दोन दिवस होती.

ती पुस्तकं शोध. पाठीवर कोमट पाण्याचं ओलं फडकं तासभर ठेव. गव्हाच्या पिठाची खळ आहे, सुटेल. चाकू लावू नकोस. ओढू नकोस. तुझा हात उतावीळ आहे, लहानपणापासूनचा. सावकाश कर.

लवकर कळव, जीव टांगणीला लागला आहे.
दादा


१ मार्च

ती. दादांना सा. न.

आधी वाईट ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी लायब्ररीचं छत गळलं, भिजलेली पुस्तकं रद्दीत गेली. त्या काळात तुम्ही शिवलेली बाकीची सगळी पुस्तकं त्यात होती. काट मारलेल्या यादीवर माझीच सही आहे.

चौथं आहे. तुम्हाला सॉरीचे अर्थ उतरवून पाठवले, ते याच शब्दकोशातून. तो उघडून मी तासभर बसलो होतो आणि पाठीखाली डावा हात होता माझा. दादा, पत्र माझ्या तळव्याला लागून होतं.

फडकं ठेवलं, तुम्ही सांगितलं तसं. शिपाई बघत उभा होता. मास्तर म्हातारपणी पुस्तकं सोलायला लागले, असं तो बाहेर जाऊन सांगून आला. पाकीट अख्खं निघालं. मागच्या बाजूला तिचा पत्ता आहे, एक आकडा पुसट झालाय, तीन किंवा आठ. मी उघडलं नाही. ते तुमचं आहे. सोबत पाठवतो आहे. वाचताना शेजारी कुणाला तरी बसवा.

आपला मास्तर


६ मार्च

चि. ठकूस बाबांचे अनेक आशीर्वाद.

उत्तर द्यायला फार उशीर झाला. सहा वर्षं.

तुझं पत्र मी काल उघडलं. का काल, ते कागदावर सांगवत नाही. समोर येशील तर सांगेन, आणि मग तू जे बोलशील ते ऐकून घेईन. खळीमुळे कडेच्या ओळी गेल्या आहेत, मधल्या वाचता आल्या. तुला मुलगी झाली. तिची हनुवटी आजीवर गेली आहे. आईला दाखवायला आणू का, असं तू विचारलं आहेस. एका कार्डावर ये किंवा येऊ नको एवढंच लिहा, आणि उत्तर आलं नाही तर येऊ नको असं समजेन, असं लिहिलं आहेस. खाली, बाबा सॉरी.

पोरी, तुझी आई गेली. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, सकाळी. तुझ्या पत्रांतलं एकही तिने वाचलं नाही, आणि ते माझ्यामुळे. तिला नातीचं ठाऊक नव्हतं. तू तोंड फिरवलंस असं ती इतकी वर्षं समजत होती. शेवटी तिला खरं कळलं, तेवढं दोन दिवस.

मास्तरकाकाकडून मी सॉरीचे सगळे अर्थ मागवले होते. कागद समोर आहे, बारा-तेरा शब्द आहेत. त्यातला एकेक लावून पाहिला. कुठलाच घ्यायचा मला हक्क वाटत नाही. तो शब्द तू लिहायला नको होतास. तुझ्याकडे त्याचं काही काम नव्हतं.

घराचा आकडा तीन की आठ ते कळेना, म्हणून हेच पत्र दोन्हीकडे टाकतो आहे. घर बदललं असशील तर ज्याच्या हाती पडेल त्याने पुढे पोचवावं, असं पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. मुलगी आता सहा वर्षांची असेल. जिन्याची चौथी पायरी हलते, ती आज ठोकून घेतली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ये.

तुझं काही आलं नाही तरी तू येणार नाहीस असं मी समजणार नाही. टपालाच्या वेळी खाली दुकान उघडून बसतो. पण फार वाट बघायला लावू नकोस, माझं वय झालं. दोन ओळी टाक, एक टाक, पण लवकर टाक.

बाबा