पाय न बुडवता तांबडे होणाऱ्या पाण्याबाबत

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
खासगी दवाखाने तपासणी शाखा

विषय : आमच्या भागातील खासगी आरोग्य केंद्रातील पाय बुडवायचे यंत्र तपासण्याबाबत व माझ्या दिवंगत पत्नीचा फोटो तेथून उतरवण्याबाबत.
संदर्भ : माझा ४ मार्चचा अर्ज व आपले १९ एप्रिलचे उत्तर.

महोदय,

१. गेल्या १२ जानेवारीला मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरांनी माझ्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे सांगितले. पायांना सूज कधीपासून, असे विचारले. मी म्हणालो, वर्ष झाले, उपचार चालू आहेत. कोणते, हे सांगताना मान वर होईना. नवव्या दिवशी ती गेली.

२. उपचार म्हणजे त्या केंद्रातील वाफ, तेलाचे मालिश, हवा ओढून पाठीला पेले चिकटवणे आणि दर गुरुवारी मिठाच्या कोमट पाण्यात यंत्र सोडून त्यात पाय बुडवणे. वीस मिनिटांत पाणी तांबडे होई. शरीरातले विष तळपायातून निघते, असे केंद्र चालवणाऱ्या बाई सांगत. रक्त तपासा, असे एकदाही म्हणाल्या नाहीत. पत्नी मला टब दाखवून म्हणाली, "अहो, बघा, किती घाण साठली होती माझ्यात." दिवसातून दोनदा घरची फरशी पुसणारी ती.

३. ती गेल्यावर केंद्रातून फोन आला. तिच्या पैसे भरलेल्या चार बैठका शिल्लक आहेत, घरातल्या कोणीही घ्याव्यात. मी गेलो. बाई यंत्र लावून बाहेर गेल्या. मी बूट काढलेच नाहीत. तरी पाणी तांबडे झाले. विचारले तर म्हणाल्या, "काका, रिकामं ठेवलं की ते खोलीतली घाण ओढतं." समोर भिंतीवर पत्नीचा हसरा फोटो होता. खाली छापले होते, 'माझी सूज उतरली.' मी त्या पाण्याची एक बाटली भरून घेतली.

४. तेथे औषध दिले जात नाही, म्हणून तक्रार आपल्या कक्षेत येत नाही, असे आपण कळवले. औषध दिले नाही, हीच माझी तक्रार आहे.

५. तरी कोणालाही पाठवून यंत्र पाय न बुडवता नुसत्या मिठाच्या पाण्यात लावून पाहावे. बादली आणि मीठ मी आणीन.

६. मी एकतीस वर्षे नळदुरुस्ती केली. गंज मला वासावरून कळतो. त्या पाण्याला पहिल्याच दिवशी तो वास होता. तिला बरे वाटत होते, म्हणून मी गप्प बसलो. आता माझी मेहुणी तेथे जाते. तिचेही पाय सुजले आहेत. ती म्हणते, "भावोजी, ताईला तिथेच बरं वाटायचं. मोठ्या रुग्णालयात नेलं आणि नऊ दिवसांत गेली." तिला थांबवायचे, तर मी गप्प बसलो होतो हे आधी सांगावे लागेल. येत्या गुरुवारी तिची बैठक आहे. मी तिला अजून सांगितलेले नाही.

आपल्या माणसाची वाट पाहणारा,
(सही)
निवृत्त नळदुरुस्ती कामगार
दि. २ मे

सोबत : रुग्णालयाचा अहवाल, पाय न बुडवलेल्या पाण्याची एक बाटली.