हजार एचपीची रेघ

३ जाने.
वीज नियामक आयोगाकडे द्यायची हरकत लिहून झाली. तीन पानं. महामार्गाजवळ कम्प्युटरचं गोदाम येतंय. कागदावर डेटा सेंटर, पण आत माणसं कमी आणि यंत्रं रचलेली, म्हणजे गोदामच. त्यांना विजेचं नवं उपकेंद्र पाहिजे, लांबून लाइन पाहिजे, वर दरही स्वस्त. लाइनचा खर्च म्हणे सगळ्यांच्या बिलात वाटायचा. का म्हणून? माझी मागणी सरळ आहे: हजार एचपीच्या वर भार असेल त्याचा दर वेगळा, आणि त्याच्यासाठी टाकलेल्या लाइनचा खर्च त्याच्याच माथी. मध्येच गाशा गुंडाळला तरी.

विठ्ठलभाऊंना वाचून दाखवली. आमच्या शेतकरी कंपनीचे सगळ्यात जुने संचालक. म्हणाले, "ताई, तुमी तं वकिलाच्या पोटावर पाय देऊन राह्यल्या." मी अध्यक्ष झाल्याचं त्यांना आज पहिल्यांदा बरं वाटलं असावं.

८ जाने.
ह्यांनी विचारलं, "हजारच काहून?" म्हटलं, आपला सोयाबीन प्लांट वाढवला तरी सहाशेत बसतो, दालमिलवाले त्याच्याही खाली. रेघ बरोबर मोठ्यांवर पडते. वायरमन म्हणून जन्म खांबावर काढलेला माणूस, नुसता हसला. मला वाटलं, कौतुक.

१९ जाने.
अमरावती. आयोगाची जनसुनावणी. मेडशीहून पहाटेची एसटी. माझा नंबर सातवा. चांगलं बोलले, उगाच विनय कशाला! आयोगाचे साहेब दोनदा "पुढे बोला" म्हणाले.

मग गोदामवाल्यांचा वकील उठला. हातात आमच्याच कंपनीचा अर्ज. वाढीव प्लांटसाठी मागितलेला भार, अकराशे एचपी. "मॅडम, तुमच्या नियमात तुम्हीच अडकता. माहीत आहे ना?"

नव्हतं. आमच्याकडे एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, दहा पंप असले तरी पाळीने चालतात, सगळ्यांची बेरीज कोणी करतच नाही. मी प्लांटही तसाच मोजला: तेलाच्या मोटारी चालू तेव्हा ढेपेच्या बंद. पण वीज कंपनी मंजूर भार धरते, अख्खा. तो अर्ज कारकुनाने भरलेला, खाली सही माझी. वाचलाच नव्हता.

सगळे वळून बघत होते. लाज वाटली, आणि मग त्या लाजेचाच राग आला. म्हटलं, "मंग आमालेही लावा!"

हशा पिकला. साहेब हसले नाहीत, लिहून घेतलं. निर्णय राखून ठेवलाय.

२० जाने.
ह्यांना धरलं. "तुमाले माईत होतं?"
"हो."
"मंग सांगतलं काहून नाही?"
"तू इचारलं कुठं? तू तं वाचून दाखवत होती."
दिवसभर अबोला. चहा मात्र त्यांनीच केला, बरा होता.

२४ जाने.
संचालकांची बैठक. विठ्ठलभाऊ पत्र टाइप करूनच घेऊन आले. आयोगाला कळवायचं, मर्यादा हजारऐवजी दोन हजार समजावी. "ताई, आपल्याच पायावर धोंडा कायले? इथं सही मारा, झालं."

त्यांचं खोटं नाही. दर वाढला तर सोयाबीनच्या भावातून तो सभासदांनाच सोसावा लागणार. मी म्हटलं, अर्जातला भार कमी करू, मोटारी पाळीने चालवू. तर नाही! हंगामात दोन्ही बाजू एकदम चालवायच्या आहेत.

"मंग आपण मोठेच झालो की भाऊ! मोठ्याचं बिल भराले लाजता कायले?"

कोणी हसलं नाही. आपल्यासाठी रेघ सरकवली तर उद्या तो वकील दहा हजारांवर नेऊन ठेवील, आणि मग मेडशीतल्या एका खोलीतल्या दिव्याच्या बिलात त्याची लाइन येईल. हे मला लख्ख दिसतं. त्यांना का दिसत नाही?

"मी सही नाही करत."
"मंग खुर्ची सोडा."
"आयोगाचा आदेश आल्यावर. आधी नाही."

२८ जाने.
आदेश नाही. वि.भाऊ रस्त्यात भेटले, नमस्कारही नाही. वाईट वाटलं. प्लांटच्या पहिल्या शेअरसाठी आम्ही दोघं गावोगाव हिंडलो होतो, इंझोरीपर्यंत. पण चुकले कुठे? बेरजेत चुकले. मागणीत नाही.

२ फेब्रु.
आदेश अजून नाही. संचालकांनी सभासदांची विशेष सभा मागितली. विषय एकच: अध्यक्षांना पदावरून दूर करणे. हे म्हणतात, थोड्या मतांनी जाशील. मी म्हणते, थोड्या मतांनी राहीन. पैज नाही लावली.

दुपारी कारकून सभेची नोटीस घेऊन आला. मान खाली. त्यावर अध्यक्षाची सही लागते. या वेळी शब्द न् शब्द वाचला. सभा सकाळी नऊची ठेवली होती. लांबच्या सभासदांची एसटी साडेदहाला येते. नऊ खोडून बारा केले आणि सही केली.