मेल्खिओरच्या हातची पानं

मुओटाटाल,
पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात

तीर्थरूप ताई,

धाकट्या बाल्ट्झचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला? इकडे गाई, चीज, सगळं ठीक आहे. मीच तेवढा ठीक नाही. हे लिहितानाही पाठ भिंतीला टेकवून बसलोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तुला ठाऊकच आहे, यास खेळायचे जुने पत्ते म्हटले की मला तहानभूक राहत नाही (आमची ही म्हणते, बायकोही राहणार नाही). तर वरच्या आळीतल्या आगाथाबाईंकडे एक फार जुना जोड असल्याचं कळलं. त्यातल्या राजांना एकच डोकं, आणि खाली चक्क पाय! (हल्लीचा राजा कसाही धरा, दोन्हीकडे डोकंच.) रविवारी प्रार्थना आटोपून तडक वर गेलो. धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात. बाई म्हणाल्या, "आम्हाला हरव आणि घेऊन जा." त्या आणि त्यांची नणंद फिलोमेना एका बाजूला. मी विचारलं, माझा भिडू कोण? बाईंनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे हनुवटी उडवली. "हा काय बसलाय! मेल्खिओर, पाव्हण्याला नमस्कार कर."

ताई, बाईंच्या ह्या नवऱ्याला पुरताना शवपेटीला खांदा मीच दिला होता!

पळावं म्हटलं, तर पत्ते हातचे जाणार; बसलो. त्याची पानं पाठमोरी उभी करून ठेवलेली. त्याची पाळी आली की बाई खुर्चीकडे कान देऊन ऐकत आणि न बघता एक पान ओढून टाकत. मी चोरून तिकडे पाहिलं, तर फिलोमेनाबाई खेकसल्या, "भिडूची पानं बघतोस? त्याला खपत नाही हं!" मी माझ्या पानांत डोकं खुपसलं. चार रंगांपैकी ढालीचा हुकूम होता. शेवटच्या हाताआधी मी घंटेचा राजा टाकणार, तोच समोरची खुर्ची करकरली. मी घाबरून गुलाबाची राणी... छे, आपल्या पत्त्यांत राणी कुठली, इतका मी गोंधळलोय! गुलाबाचं निशाणाचं पान टाकलं. त्यावर मेल्खिओरकडून हुकमाचा गुलाम पडला (त्याच्यावर कुठलं पान नाही!), आणि आम्ही जिंकलो.

बाई रडतील असं वाटलं होतं. त्या खुदकन हसल्या. "लग्न झाल्यापासून हरतेय मी ह्याच्याशी. सुटले बाई! पत्ते जातील तिथे हा जातो. आता तू सांभाळ." आणि त्यांनी त्याची टोपीसुद्धा माझ्या हातात दिली.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातली खुर्ची आपोआप पुढे सरकते. कॉफीत चेरीची दारू घालून ठेवली, की पेला रिकामा होतो. ही माहेरी गेली आहे. मांजरही तिच्यामागून गेलं.

तुझा भेदरलेला भाऊ,
बाल्ट्झ

ता. क. सोबतचं पुडकं जपून उघड. पत्ते त्यातच आहेत. तू लहानपणापासून धीट! कृपा करून परत पाठवू नकोस.

ता. क. दुसरा : दाजींना त्याचा भिडू करू नकोस. पान चुकलं की तो टेबलाखालून लाथ घालतो. माझी नडगी अजून निळी आहे.