कानिफनाथची मोठी भावजय

१७ फेब्रुवारी १९७२

रतनबाई कानिफनाथची भावजय नाही. बायको आहे! पहिली. आणि चांगुणा दुसरी. चार महिने मी त्यांच्या पडवीत बसून तिघांना शिकवतोय, आणि मला पत्ता नाही! चांगुणा तिला 'आक्का' म्हणते, म्हणून मी आपला मोठी भावजय धरून चाललो. विचारायला काय झालं होतं मला? चौतीस वर्षं बाप्तिस्म्यासाठी माणसं तयार करतोय — आणि पहिला प्रश्नच राहिला.

कळलं तेही तिच्याच तोंडून. चांगुणाच्या पोरीची वेणी घालता घालता सहज म्हणाली, "मला धा वरीस मूल न्हाई झालं. मंग मीच हिला आनली, मास्तर. पाट लावून दिला." कानिफनाथ अंगणात नाल सरळ करत होता. घोडेगावच्या बाजारात बैलांना नाल ठोकणं हा त्याचा धंदा. मान वर करून हसला. त्यांना वाटत होतं, मला माहीत आहे.

आता नेवाशाच्या चर्चच्या पाळकसाहेबांना काय सांगू?

२० फेब्रुवारी

नेवाशाला जाऊन आलो. पाळकसाहेब वयाने माझ्या मुलासारखे, पण नियमाची गोष्ट निघाली की माझे आजोबा! "घरात दोघी आहेत तोवर तिघांनाही बाप्तिस्मा नाही. पहिली राहील, दुसरीला सोडावं लागेल. मास्तर, हे तुम्ही मला सांगायचं, की मी तुम्हाला?" ईस्टर दोन एप्रिलला आहे. त्याआधी नावांचा कागद हवा.

परतताना एस.टी.त कडूबाई आठवली. एकावन्न साली मीच तिच्या नवऱ्याला तिला, दुसऱ्या बायकोला, सोडायला लावलं होतं. नियमाप्रमाणे. भावाने तिला सहा महिनेही ठेवलं नाही. पुढे घोडेगावच्या बाजारात शेण गोळा करताना दिसली. मला ओळखलं. "मास्तर, झाला का त्याचा बाप्तिस्मा?" एवढंच विचारलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं.

२४ फेब्रुवारी

सांगितलं एकदाचं.

कानिफनाथला आधी थट्टाच वाटली. मग हातोडी खाली ठेवली. "थोरलीनं मला गुत्त्यातनं उचलून आनलाय, धाकलीनं पोरगी दिली. कोनाला काढू? तुमीच बोट दावा." बोट कुठलं दाखवतो!

वाटलं, म्हणेल की मग राहू द्या. तर म्हणाला, "पर पानी पडल्याबिगर माझा हात थांबायचा न्हाई, मास्तर."

दिवाळीत पिऊन नाल मारताना त्याने बैलाच्या खुरात खिळा घुसवला. बैल लंगडा झाला, मालकाने चारचौघांत हाकललं. घरी येऊन त्याने तो राग दोघींच्या पाठीवर काढला. तेव्हापासून थेंब नाही. बाप्तिस्मा झाला तर सुटलो, नाहीतर पुन्हा गुत्ता — असं त्याच्या मनाने घेतलंय. आणि मला त्याची भीती वाटते, कारण दोघींच्या पाठीवरचे वळ मी पाहिलेत.

२ मार्च

चांगुणा म्हणाली, "मीच जाते. मी मागनं आले." रतनबाई चुलीपासून ओरडली, "गप बस! पोरगी कुनाच्या जिवावर टाकतीस?" धडा झालाच नाही.

९ मार्च

गव्हाच्या दाण्याचा धडा घेतला. मातीत गेला नाही तर एकटाच राहतो, गेला तर कणीस होतो. या धड्यावर मी नेहमीच खूश असतो, दोन शब्द जास्तच बोलतो.

रतनबाईने विचारलं, "ह्योच प्रभू बेलापूरला बी असतो का?" तिचा भाऊ तिकडे असतो. मी म्हटलं, "असतो की! सगळीकडे तोच." किती छान प्रश्न.

१३ मार्च

पाळकसाहेबांचा निरोप — कागद कुठे आहे? पाठवला नाही.

२३ मार्च

लिहिला! 'रतनबाई — कानिफनाथची मोठी भावजय, विधवा.' चार महिने मी तेच समजत होतो, आता पाळकसाहेबांनी समजावं! घर मोडत नाही, तिघांचाही बाप्तिस्मा होतो. लिहिताना हात अडखळला हे खरं. खोटी साक्ष देऊ नये हे मीच शिकवतो. पण पुन्हा एक कडूबाई नको. देव पाहून घेईल मला.

संध्याकाळी त्यांना वाचून दाखवला. कानिफनाथने पाय धरले. चांगुणा रडायलाच लागली.

रतनबाई म्हणाली, "पुन्यांदा वाचा." वाचलं.

"विधवा बी लिवलंय?"

"लिहावं लागलं. नाहीतर विचारतील, नवरा कुठे? बाप्तिस्म्याच्या परीक्षेच्या दिवशी तेवढी गळ्यातली पोत काढून ठेवा."

"बरं," म्हणाली, आणि भाकरी थापायला उठून गेली. मला हायसं वाटलं.

२६ मार्च, ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवार

पाळकसाहेबांनी परीक्षा घेतली. कानिफनाथ दोनदा चुकला, चांगुणा अडखळली. रतनबाईने एकही उत्तर चुकवलं नाही. गळा मोकळा. सारखा हात तिथे जात होता.

"मास्तर, भावजय हुशार आहे हो!" पाळकसाहेब म्हणाले. कानिफनाथने मान खाली घातली. मीही.

१ एप्रिल

रतनबाई गेली.

काल, गुड फ्रायडेला, आम्ही सगळे चर्चमध्ये असताना. डोकं दुखतंय म्हणून ती मागे राहिली होती. पोत कोनाड्यात ठेवलेली. शेजारणीजवळ निरोप — भावाकडे बेलापूरला जाते. आणि माझ्यासाठी वेगळा: "मास्तर म्हातारपनी माझ्यापायी खोटं बोलले. त्यांना म्हनावं, आता ते खरं धरा. घरात एकच बायकू हाय."

नियम तरी दुसरीला काढत होता. मी पहिलीलाच काढली, आणि वर मला वाटत होतं, मी कोणालाच काढलं नाही! तिच्या जिवंत नवऱ्यासमोर तिला विधवा केली, तीही दोनदा वाचून.

कानिफनाथ उंबऱ्यात बसला होता. "आता तुमचा नेम-नियम पुरा झाला न्हवं?" म्हणाला आणि हातोडी भिंतीवर भिरकावली. पोरगी किंचाळली. तो उठून गुत्त्याच्या वाटेला लागला. मी मागे धावलो. या वयात! दंड धरून म्हटलं, "आधी नेवाशाला चल. माझ्याबरोबर."

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा कागद काढला. मग नावं खोडली. तिन्ही.

२ एप्रिल, ईस्टर

बेलापूर. पहिल्या गाडीने चौघं आलो. भाऊ म्हणाला, ती चर्चला गेलीय.

चर्चच्या ओट्यावर रतनबाई उभी होती. मास्तरांनी शिकवलंय म्हणून सांगितलं होतं तिने. माझं नाव इथे चालतं. इथले पाळक वहीत तिचं नाव घालत होते. भांड्यात पाणी भरून ठेवलेलं.

"नवरा?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात पोरगी "मोठी आई!" करत धावत सुटली. रतनबाईने तिला कडेवर घेतलं. आमच्याकडे पाहिलं.

"हाय की. त्यो बगा, फाटकात हुबा हाय. शेजारी माझी सवत. आन् ते आमचे मास्तर."

पाळकांनी वही मिटली.

मी जाऊन तिच्या शेजारी उभा राहिलो.